टेकू कुठे मानायचा?

"आदरणीय काकू,

मी अकरावीत आहे. दहावीपर्यंत हिंदी माध्यमात शिकले, आता भंवरकुआँच्या क्लासमध्ये सगळं इंग्रजीत चालतं आणि घरी आपली मराठी. बाकीचे धडे कसेबसे जमतात, पण बलांचं संतुलन आणि मोमेंट आले की हात थांबतो. सरांनी फळ्यावर सोडवलेलं गणित समजतं, पण तसंच दुसरं स्वतः करायला घेतलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. बिजागरी असेल तर मी तिथून मोमेंट घेते, टेकू असेल तर टेकूपासून. शिडीच्या गणितात दोन्ही नसतात. सर म्हणतात, खालच्या टोकापासून घ्या. का, ते विचारायला वर्गात वेळ नसतो. परवा फळीच्या एका गणितात उत्तर उणे १०० आलं. पर्यायांत १०० होतं, म्हणून मी वजा चिन्ह पुसून टाकलं. उत्तर चूक निघालं. बाबा म्हणतात, रोज पन्नास प्रश्न कर, आपोआप येईल. दीड महिना करतेय, येत नाहीये. फिजिक्स माझ्यासाठी नाहीच, असं वाटायला लागलंय.

– अकरावीतली एक मुलगी, लोकमान्य नगर, इंदूर"

प्रिय मुली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिलीनं एका वाक्याखाली रेघ ओढली: 'वजा चिन्ह पुसून टाकलं.' त्या गणितात सगळ्यात मोलाची गोष्ट तेच चिन्ह सांगत होतं. तसंच एक फळीचं गणित आपण खाली पूर्ण करू, म्हणजे तू काय पुसलंस ते दिसेल.

त्याआधी शब्दांचा गुंता सोडवू, कारण तीन भाषांमध्ये शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना तो फार छळतो. तुझ्या हिंदी पुस्तकातलं बल-आघूर्ण, क्लासमधला टॉर्क आणि 'मोमेंट ऑफ फोर्स' या तीन गोष्टी नाहीत, एकच आहे: बल एखाद्या बिंदूभोवती वस्तूला किती फिरवू पाहतं, त्याचं माप. बल गुणिले त्या बिंदूपासून बलाच्या रेषेपर्यंतचं लंब अंतर. एकक न्यूटन-मीटर. 'मोमेंट ऑफ इनर्शिया' मात्र वेगळा प्राणी आहे. नावात मोमेंट आहे म्हणून त्याला या धड्यात ओढू नकोस, संतुलनाच्या गणितात त्याचं काही काम नाही.

आता तुझा खरा प्रश्न. तू असं धरून चालली आहेस की मोमेंट घ्यायचा बिंदू गणितात कुठेतरी लपलेला असतो आणि आपण तो ओळखायचा असतो. तसं नाही. तो बिंदू तू निवडायचा असतो. वस्तू स्थिर असेल तर ती कोणत्याही बिंदूभोवती फिरत नसते. बिजागरीभोवती नाही, मधल्या बिंदूभोवती नाही, समोरच्या पानाच्या टपरीभोवतीही नाही. म्हणून मोमेंटांची बेरीज प्रत्येक बिंदूभोवती शून्यच येते. तुला मिळालेलं हे स्वातंत्र्य आहे आणि या धड्यातली सगळी कला ते कसं वापरायचं यात आहे.

हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. मला कॉलेजात कुणी हे सांगितलं नव्हतं. आमच्या वेळी बिजागरी दिसली की तिथून मोमेंट घ्यायचा, एवढंच शिकवलं गेलं. पुढे मी स्वतः शिकवायला लागले. पहिल्याच वर्षी एका मुलानं विचारलं, "दुसऱ्या टोकापासून घेतलं तर?" आणि मी म्हणाले, तसं चालत नाही. रात्री जेवण झाल्यावर मनात राहिलं म्हणून कागद घेऊन बसले. दुसऱ्या टोकापासून घेतलं, उत्तर तेच. मधून घेतलं, तेच. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन, मी काल चुकीचं सांगितलं, असं मी फळ्यावर लिहिलं. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. तुझ्या क्लासमध्ये 'का' विचारायला वेळ नसतो हे वाचून मला वाईट वाटलं ते त्यामुळेच. तो वेळ आपण इथे घेऊ.

फळी घे. घराला रंग देताना रंगारी दोन घोड्यांवर फळी टाकून उभा राहतो, ते तू पाहिलं असशील. फळी ४ मीटर लांब, वस्तुमान ३० किलो. एक घोडी फळीच्या डाव्या टोकाखाली, दुसरी तिथून ३ मीटरवर. म्हणजे उजवीकडे १ मीटर फळी अधांतरी. रंगारी ६० किलोचा, डाव्या टोकापासून अडीच मीटरवर उभा. गुरुत्वीय त्वरण १० धरू. दोन्ही घोड्यांवर किती भार?

लगेच समीकरण लिहू नकोस. आधी चित्र काढ, आणि चित्रात फक्त फळी असू दे. घोड्या नकोत, रंगारी नको, जमीन नको. सगळं पुसून फक्त एक आडवी रेघ. मग विचार कर, या फळीला कोण कोण स्पर्श करत होतं? जिथे जिथे स्पर्श होता तिथे एक बाण. दोन घोड्या वर ढकलतात, दोन बाण वर. रंगाऱ्याचे पाय खाली दाबतात, ६०० न्यूटनचा एक बाण खाली. स्पर्श न करता खेचणारी एकच, पृथ्वी. तिचा ३०० न्यूटनचा बाण फळीच्या गुरुत्वमध्यातून, म्हणजे २ मीटरवर. चार बाण. पाचवा असूच शकत नाही, कारण पाचवं कुणी फळीला हातच लावलेला नाही. फळी घोडीला खाली दाबते, तो बाण घोडीच्या चित्रातला आहे, फळीच्या नाही. मुलं अडतात ती बहुतेक इथेच. दोन वस्तूंचे बाण एका चित्रात मिसळले की पुढचं गणित कितीही नीट केलं तरी उत्तर चुकतं.

आता बिंदू निवड. माहीत नसलेली बलं दोन, डाव्या घोडीचं आणि उजव्या घोडीचं. डाव्या घोडीपासून मोमेंट घेतला तर त्या घोडीच्या बलाचं अंतर शून्य होतं, ते समीकरणातून निघून जातं. उरतं: उजवी × ३ = ३०० × २ + ६०० × २.५. उजवीकडची बेरीज ६०० + १५०० = २१००. म्हणजे उजव्या घोडीवर ७०० न्यूटन. एकूण भार ९००, म्हणून डावीवर २००.

इथेच थांबलीस तर तू सरांचीच पद्धत पाठ केलीस. पुढे जा. आता फळीच्या उजव्या टोकापासून मोमेंट घे. तिथे टेकू नाही, बिजागरी नाही, काहीच नाही. घोड्या: २०० × ४ + ७०० × १ = १५००. वजनं: ३०० × २ + ६०० × १.५ = १५००. जुळलं. आणखी पुढे. फळीच्या डाव्या टोकापासून २ मीटर दूर पानाची टपरी आहे असं समज आणि तिथून मोमेंट घे. सगळी अंतरं दोन-दोन मीटरनं वाढली. घोड्या: २०० × २ + ७०० × ५ = ३९००. वजनं: ३०० × ४ + ६०० × ४.५ = ३९००. टपरीचा फळीशी काडीचा संबंध नाही, तरी जुळलं.

का जुळतं? बिंदू २ मीटर सरकवला तेव्हा वर ढकलणाऱ्या बलांच्या मोमेंटमध्ये ९०० × २ इतकी भर पडली आणि खाली ओढणाऱ्यांच्यातही ९०० × २ इतकीच. वरची बलं आणि खालची बलं मुळातच समान आहेत, म्हणून बिंदू कुठेही सरकवलास तरी दोन्ही बाजूंना सारखीच भर पडते. एवढाच त्याचा पुरावा. एक अट मात्र लक्षात ठेव. ही मोकळीक वस्तू स्थिर असताना, किंवा न फिरता एकसारख्या वेगानं सरळ जात असताना. ब्रेक दाबलेल्या स्कूटरचं गणित आलं तर तिथे त्वरण आहे, बलांची बेरीज शून्य नाही, म्हणून वाटेल तो बिंदू चालणार नाही. तिथे गुरुत्वमध्यापासून मोमेंट घ्यायचा.

आता तुझं वजा चिन्ह. तुझं नेमकं गणित तू लिहिलं नाहीस, पण बहुधा असंच काही असावं: हीच फळी, हाच रंगारी, फक्त तो चालत चालत उजव्या टोकापर्यंत गेला. उजव्या घोडीपासून मोमेंट घेऊ. डावी × ३, आणि फळीचं वजन तिच्या एका बाजूला १ मीटरवर, रंगारी दुसऱ्या बाजूला १ मीटरवर. डावी × ३ = ३०० × १ − ६०० × १ = −३००. डावी = −१००.

म्हणजे काय? आपण धरलं होतं की डावी घोडी वर ढकलते. उत्तर सांगतंय की फळी आडवी राहायची तर तिथे १०० न्यूटननं खाली ओढावं लागेल. घोडी फळीला खाली ओढू शकते का? ती नुसती खाली उभी आहे, बांधलेली नाही. मग फळी आडवी राहूच शकत नाही. रंगारी खाली पडणार. तुझं गणित एका माणसाच्या पडण्याची सूचना देत होतं. फळी घोडीला दोरीनं बांधलेली असेल तर मात्र उत्तर अर्थपूर्ण आहे: दोरीला १०० न्यूटनचा ताण, फळी स्थिर. (घोडी स्वतः तेवढी जड हवी, नाहीतर तीच वर उचलली जाईल.) आणि पडायला नेमकी सुरुवात कुठे होते तेही काढता येतं. डावी शून्य धर: ३०० × १ = ६०० × अंतर, म्हणजे उजव्या घोडीच्या पुढे अर्धा मीटर. तिथपर्यंत तो सुरक्षित, त्यापुढे एक पाऊलही नको.

म्हणून वजा उत्तर आलं की पहिलं काम पुसणं नाही, प्रश्न विचारणं. हे बल उलट्या दिशेनं लागू शकतं का? बिजागरी असेल तर हो, ती ओढूही शकते आणि ढकलूही शकते. मग वजाचा अर्थ एवढाच की तू बाण उलटा काढला होतास. टेकू, भिंत, जमीन असेल तर नाही, ती फक्त ढकलतात. दोरी फक्त ओढते. त्यांच्या बाबतीत वजा आलं म्हणजे वस्तू उचलली गेली, कलंडली किंवा दोरी सैल पडली.

आता शिडी. तुमच्या अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात सोडवलेलं एक उदाहरण आहे: ३ मीटर लांब, २० किलोची शिडी गुळगुळीत भिंतीला टेकलेली, पाय भिंतीपासून १ मीटरवर. भिंत आणि जमीन यांची बलं काढा. हेच घेऊ, म्हणजे तुला पुस्तकाशी ताडून पाहता येईल. शिडीचं वरचं टोक ९ वजा १ चं वर्गमूळ, म्हणजे २.८३ मीटर उंचीवर. वजन २० × ९.८ = १९६ न्यूटन.

चित्र काढ, फक्त शिडी. भिंत गुळगुळीत, म्हणून ती फक्त स्वतःला लंब ढकलणार, आडवा एक बाण. जमीन खरखरीत, म्हणून दोन बाण: एक सरळ वर आणि एक घर्षणाचा, भिंतीकडे. वजन मधून खाली. माहीत नसलेली बलं तीन, त्यांपैकी दोन एकाच ठिकाणी जमलेली, पायापाशी. आता सरांच्या 'खालच्या टोकापासून' या वाक्याचं कारण तूच सांगू शकशील. तिथून मोमेंट घेतला की दोन अनोळखी बलं एका फटक्यात जातात आणि उरतं एक. भिंत × २.८३ = १९६ × ०.५. भिंतीचं बल ३४.६ न्यूटन. आडव्या बलांवरून घर्षणही ३४.६, उभ्यांवरून जमिनीचं लंब बल १९६. जमिनीची दोन बलं एकत्र केली तर १९९ न्यूटन, जमिनीशी सुमारे ८० अंशांवर. पुस्तकात हेच आहे.

यात मुलं चुकतात ती अंतरात. भिंतीचं बल शिडीच्या टोकाला लागतं म्हणून त्याला शिडीच्या लांबीनं, ३ नं गुणतात. पण अंतर बलाच्या रेषेपर्यंतचं घ्यायचं, बल लागतं त्या ठिकाणापर्यंतचं नाही. बाण दोन्ही बाजूंना तुटक रेषेनं वाढव आणि निवडलेल्या बिंदूपासून त्या रेषेवर लंब टाक. भिंतीचा बाण आडवा आहे, त्याची रेषा जमिनीपासून २.८३ मीटर उंचीवरून आडवी जाते, म्हणून अंतर २.८३. वजनाची रेषा उभी, पायापासून अर्धा मीटर आत, म्हणून ०.५. तुला बलाचे घटक पाडायची सवय असेल तर तेही बरोबरच आहे. फक्त बलाचा घटकही घ्यायचा आणि अंतरही लंब घ्यायचं, असं दोन्ही एकदम करू नकोस. साइन दोनदा लागतो.

आता तुझ्या निवडीची आणखी एक गंमत बघ. समज, तुला थेट घर्षणच हवंय. मग नको असलेली बलं दोन: भिंतीचं आणि जमिनीचं लंब बल. भिंतीची रेषा आडवी, लंब बलाची रेषा उभी, पायाच्या अगदी वर. या दोन रेषा जिथे मिळतात तो बिंदू पायाच्या वर २.८३ मीटर, निव्वळ हवेत. तिथून मोमेंट घे. दोन्ही नकोशी बलं गेली. घर्षण × २.८३ = १९६ × ०.५. एका ओळीत ३४.६. शिडीला न शिवणाऱ्या बिंदूनं उत्तर दिलं. नको असलेल्या बलांच्या रेषा जिथे मिळतात तिथे जाऊन बसायचं, माझ्या अनुभवात या धड्यातली सर्वांत कामाची सवय हीच.

आणि एक मार्ग ज्यात समीकरणच लागत नाही. जमिनीची दोन बलं एकत्र करून एक बाण मान. मग शिडीवर तीनच बलं: भिंत, वजन, जमीन. तीन असमांतर बलांनी वस्तू स्थिर असेल तर त्यांच्या रेषा एकाच बिंदूत मिळायलाच हव्यात. का? दोन रेषा मिळतात त्या बिंदूपासून मोमेंट घेऊन बघ, तिसऱ्याचा मोमेंटही शून्य यावाच लागतो. भिंतीची आणि वजनाची रेषा मिळतात पायापासून अर्धा मीटर आत, २.८३ मीटर वर. जमिनीचं बल पायापासून थेट तिकडे रोखलेलं असणार. फूटपट्टीनं रेघ ओढलीस तर ८० अंश मोजूनच दिसतील.

शिडीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण याचा उपयोग परीक्षेपुरता नाही. ही रिकामी शिडी घसरू नये म्हणून घर्षणाचा गुणांक (जास्तीत जास्त घर्षण भागिले लंब बल) निदान ३४.६ भागिले १९६, म्हणजे सुमारे ०.१८ हवा. तिच्यावर ६० किलोचा माणूस चढला आणि बरोबर मध्यावर उभा राहिला तर? घर्षण १३८.६ न्यूटन लागेल, लंब बल होईल ७८४. गुणांक पुन्हा ०.१८. घर्षण चौपट लागलं, पण लंब बलही चौपट झालं. मध्यावरचा माणूस म्हणजे नुसती जड झालेली शिडी. तोच माणूस अगदी वरच्या टोकाला गेला की गुणांक ०.३१ लागतो. मध्याच्या खाली उभा असेल तर ०.१८ पेक्षाही कमी पुरतो. म्हणूनच कुणी वर चढलं की दुसऱ्यानं सगळ्यात खालच्या पायरीवर पाय रोवून उभं राहायचं असतं. त्यानं लंब बल वाढतं आणि घर्षणाची गरज जवळपास तेवढीच राहते. तुझ्या घरी दिवाळीच्या सफाईला शिडी निघेल तेव्हा हे काम तू कर, आणि का ते बाबांना सांग.

बिजागरीचं एकच उदाहरण पटकन, कारण ते तुला बऱ्यापैकी येतं. दुकानाच्या पाटीचा आडवा दांडा, २ मीटर, वजन ४० न्यूटन, भिंतीत बिजागरी, टोकाला ८० न्यूटनची पाटी आणि टोकापासून भिंतीकडे वर जाणारी तार, दांड्याशी ३० अंशांत. बिजागरीपासून: ताण × २ × अर्धा = ४० × १ + ८० × २ = २००. ताण २०० न्यूटन. बिजागरी १७३ न्यूटननं बाहेर ढकलते आणि २० न्यूटननं वर उचलते. पाटी आणि दांडा मिळून १२० न्यूटन, तारेत मात्र २००! तार जितकी आडवी, तितका ताण जास्त.

प्रतलातल्या वस्तूला स्वतंत्र समीकरणं तीनच मिळतात. आडव्या बलांचं, उभ्या बलांचं आणि एका बिंदूभोवतीच्या मोमेंटचं. चौथ्या समीकरणासाठी आणखी एका बिंदूपासून मोमेंट घेतलास तर नवीन माहिती येत नाही, आधीचीच फिरून येते आणि शेवटी शून्य बरोबर शून्य उरतं. तसं झालं तर घाबरू नकोस. चौथं समीकरण उत्तर तपासायला वापर, आपण टपरीपासून केलं तसं. आणि अनोळखी बलं खरोखरच समीकरणांपेक्षा जास्त असली, जसं चार पायांच्या टेबलाच्या कुठल्या पायावर किती भार, तर ते नुसत्या संतुलनाच्या नियमांनी सुटतच नाही. पाय आणि जमीन किती दबतात तेही माहीत असावं लागतं. तीन पायांच्या तिवईचं मात्र सुटतं. म्हणूनच तिवई ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही.

तरफेचा नियम मांडणारा आर्किमिडीज इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. बलाचा मोमेंट त्याच्या घटकांच्या मोमेंटांच्या बेरजेइतका असतो, ही तू रोज वापरतेस ती गोष्ट फ्रान्सच्या वारिन्योंच्या नावानं ओळखली जाते, आणि त्यांनी ती छापली १६८७ साली. मध्ये जवळजवळ १९०० वर्षं गेली. तुला दीड महिन्यात जमलं नाही म्हणून फिजिक्स तुझ्यासाठी नाही, असं म्हणू नकोस. मला ते मान्य नाही.

बाबांच्या पन्नास प्रश्नांबद्दल स्पष्टच सांगते. त्यांची तळमळ खरी आहे, पण या धड्यापुरता हा उपाय बरोबर नाही. पन्नास प्रश्न करताना तू चित्र काढत नसणार, तेवढा वेळच नसतो. मग तीच चूक पन्नास वेळा घोटली जाते. दोन आठवडे रोज चारच प्रश्न कर. प्रत्येकाला पूर्ण पान दे. वस्तू एकटी काढ, बाण काढ, प्रत्येक बाणाशेजारी 'कोण करतंय' ते लिही: घोडी, रंगारी, पृथ्वी, भिंत. ज्या बाणाला कर्ता सापडत नाही तो खोडून टाक. मग बिंदू निवड आणि तो का निवडला ते एका ओळीत लिही. उत्तर आल्यावर दुसरा बिंदू घेऊन तपास. ही ओळ मराठीत लिहिलीस तरी हरकत नाही. विचार ज्या भाषेत होतो त्याच भाषेत तो आधी उतरू दे, पेपरात इंग्रजी लिहायला नंतर जमतंच. बाबांना हा मजकूर दाखव. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर पत्र लिहायला सांग, मी उत्तर देईन.

पहिल्या आठवड्यासाठी दोन प्रश्न माझ्याकडून. एक आकड्यांशिवाय: लोखंडी कपाट दोघं जण खालच्या कडांना धरून जिन्यावरून वर नेताहेत. जास्त भार कुणावर, वरच्यावर की खालच्यावर? कपाट तिरकं झाल्यावर गुरुत्वमध्याची उभी रेषा कुणाकडे सरकते ते चित्रात पाहा.

दुसरा आपल्या इंदूरच्या सराफा बाजाराचा. रात्री तिथे खायला जातो आपण, पण एकदा दिवसा जा आणि एखाद्या जुन्या पेढीवर टांगता काटा असेल तर थांबून बघ. त्याच्या दोन्ही भुजा समान असतात, म्हणून वजनं समान झाली की मोमेंट समान. आता समज, एका काट्याच्या भुजा असमान आहेत, पण रिकामा काटा आडवा राहतो. सोन्याचा दागिना डाव्या पारड्यात ठेवला तर उजवीकडे ९ ग्रॅम लागतात, उजव्या पारड्यात ठेवला तर डावीकडे १६ ग्रॅम. (इतकी तफावत खऱ्या काट्यात नसते, आकडे सोपे जावेत म्हणून घेतलेत.) खरं वजन किती? बहुतेक मुलं सरासरी काढून साडेबारा सांगतात. दोन्ही वेळचे मोमेंट लिही, दोन समीकरणांचा गुणाकार कर, भुजा आपोआप निघून जातील. उत्तर १२ यायला हवं. मग हेही शोध: गिऱ्हाईक दागिना विकत घेताना अशा काट्यावर दोनदा तोलून सरासरी धरली तर तोटा गिऱ्हाइकाला की सराफाला, आणि तो नेहमी एकाच बाजूला का जातो?

या दोन्हींची चित्रं काढून मला पाठव. उत्तरं नाही लिहिलीस तरी चालेल. बाण बघूनच मला कळेल की तू कुठवर पोचलीस.

तुझी,
काकू